न विचारलेला प्रश्न

महाभारताची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, असे आपण सारेच गृहीत धरतो. परंतु ती नेमकी कोठे संपते, असे विचारले की उत्तरे वेगवेगळी येऊ लागतात. सोलापुरातील आमच्या अभ्यासकेंद्रात रविवारच्या संपर्क सत्रात मी हा प्रश्न दरवर्षी विचारते. कोणी दुर्योधनाच्या मांडीवरील गदाप्रहाराशी थांबतात, कोणी युधिष्ठिराच्या राज्याभिषेकाशी. ज्यांनी दूरदर्शनवरील मालिका पाहिली आहे, त्यांच्या स्मरणात शरशय्येवरील भीष्मांचा अंत असतो. १९८८ ते १९९० या काळातील बी. आर. चोप्रा यांची ती ९४ भागांची मालिका तेथेच संपली होती. हिमालयाकडे निघालेले पांडव आणि त्यांच्यामागून चालणारे कुत्रे पुष्कळांना आठवते. त्यापुढे काय घडले, हे सांगणारा विद्यार्थी मात्र क्वचित भेटतो.

या वेगळेपणाचा दोष स्मरणशक्तीला देता येणार नाही. सोलापूर हे तीन भाषांचे शहर आहे आणि या तीन भाषांतील महाभारतेही एका जागी संपत नाहीत. कन्नडमधील कुमारव्यासाचे भारत पहिल्या दहा पर्वांपुरते आहे. युद्ध संपते आणि काव्यही संपते. मराठीत मुक्तेश्वरांच्या महाभारताची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाचच पर्वे आज आपल्या हाती आहेत. तेलुगूत नन्नयाने आरंभलेले काम तिक्कनाने विराटपर्वापासून थेट स्वर्गारोहणापर्यंत नेले. आपल्याच जिल्ह्यातील नाझरे गावच्या श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ १७१२ सालचा. पोथी म्हणून तो घरोघरी वाचला गेला. त्यात आणखी एक जुनी समजूत अशी की, संपूर्ण महाभारत घरात ठेवू नये, घरात कलह माजतो. अशा परिस्थितीत शेवटची पर्वे अनेकांच्या वाचनात आली नाहीत, यात नवल नाही.

माझे बालपण शहराच्या पूर्व भागात गेले. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारी कानडी. वडील यंत्रमागावर चादरी विणत, अम्मा विड्या वळत असे. दुपारच्या वेळी गल्लीतील पाचसहा बायका आपापली सुपे घेऊन आमच्या ओसरीवर बसत आणि एक वृद्ध शेजारी त्यांना तेलुगूतून भारताच्या कथा सांगत. तिक्कनाची परंपरा त्यांच्यापर्यंत पोचलेली असल्यामुळे त्यांची कथा युद्धाशी थांबत नसे. द्रौपदी पर्वतवाटेवर कोसळली, हा प्रसंग त्यांनी सांगितला त्या दिवशी अम्माने हातातील विडी वळता वळता विचारले, ‘बाई पडली आणि एकानेही मागे वळून बघितलं नाही?’ सांगणारे काही बोलले नाहीत. कथा पुढे गेली. माझ्या मनात मात्र तो प्रश्न राहिला, आणि पुढे मराठी साहित्याची विद्यार्थिनी झाल्यावर मी मूळ ग्रंथाकडे वळले ती त्याच प्रश्नाचे बोट धरून.

महाप्रस्थानिक आणि स्वर्गारोहण ही महाभारताची शेवटची दोन पर्वे अगदी लहान आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली चिकित्सक आवृत्ती पाहिली, तर पहिल्याचे तीन आणि दुसऱ्याचे पाच अध्याय भरतात. एवढ्या प्रचंड ग्रंथाचा समारोप केवळ आठ अध्यायांत होतो. वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम या क्रमाने सारे कोसळतात. प्रत्येक पतनाचे कारण भीम विचारतो आणि युधिष्ठिर ते सांगतो. द्रौपदीचे कारण असे की, तिचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता. हे सांगून, तिच्याकडे न पाहता, तो पुढे चालू लागतो. ‘न पाहता’ हे शब्द मूळ श्लोकातच आहेत, म्हणजे अम्माच्या प्रश्नाला ग्रंथाचा आधार आहे.

पुढे इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून रथात बसण्यास सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. त्यावर इंद्र नेमके तेच विचारतो जे आपल्या मनात आलेले असते: भावांना आणि द्रौपदीला सोडलेस, मग या कुत्र्याला का सोडत नाहीस? युधिष्ठिराचे उत्तर असे की, ती सारी मृत झाली होती. त्यांना पुन्हा जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. उत्तर तर्काला धरून आहे. तरीही ते ऐकून मनाचे पूर्ण समाधान होत नाही, आणि तसे ते व्हावे अशी ग्रंथाचीही अपेक्षा नसावी. कारण कथा येथे थांबत नाही.

स्वर्गात पोचल्यावर युधिष्ठिराला प्रथम दिसतो तो दुर्योधन, तेजाने झळकत आसनावर बसलेला. भाऊ आणि द्रौपदी कोठेच दिसत नाहीत. ‘जेथे ते आहेत तोच माझा स्वर्ग,’ अशा आशयाचे तो बोलतो, तेव्हा देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीने भरलेल्या वाटेने नेतो. असह्य होऊन तो परत फिरणार, तोच आजूबाजूने आर्त हाका येतात: क्षणभर थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमच्या वेदना शमतात. तो विचारतो, तुम्ही कोण? उत्तरे येतात: मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी नकुल, मी सहदेव, मी द्रौपदी. युधिष्ठिर देवांची आणि धर्माचीही निर्भर्त्सना करतो आणि दूताला सांगतो, तू जा, मी येथेच राहणार. यानंतर देव येतात, नरक नाहीसा होतो आणि उलगडा केला जातो की, हा देखावा होता. द्रोणांना अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी फसवल्याबद्दल युधिष्ठिरालाही नरकाचे असे दर्शन घ्यावे लागले. धर्म सांगतो, ही तुझी तिसरी परीक्षा होती.

या उलगड्याने शेवट स्पष्ट होतो की अधिक धूसर? आमच्या सत्रात यावर बराच वाद झाला. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक विद्यार्थी म्हणाले, ‘दुर्योधन स्वर्गात बसणार असेल तर अठरा दिवस माणसे मेली कशासाठी?’ एका तरुणाने आठवण करून दिली की, २०१९ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अद्भुतरम्य मालिका संपली तेव्हा शेवट न पटल्यामुळे अखेरचे पर्व पुन्हा चित्रित करावे, अशी मागणी लाखो प्रेक्षकांनी सह्यांनिशी केली होती. दीर्घ कथेबरोबर वर्षानुवर्षे राहिलेला वाचक शेवटी हिशेब मागतो: कोणाला काय मिळाले, ते योग्य होते की नाही. महाभारत असा हिशेब मांडते खरे. मात्र ज्याने त्याने तो मान्य करावा असा आग्रह धरत नाही.

नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’च्या चौथ्या उद्द्योतात याच शेवटाचा विचार केला आहे. वृष्णी आणि पांडव यांच्या करुण अंताने मुनींनी वैराग्य सूचित केले असून शांतरस हाच या ग्रंथाचा प्रधान रस आहे, असे त्याचे प्रतिपादन. अभ्यासाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा शब्द ‘सूचित’ हा आहे. शेवटाचा अर्थ शब्दांनी सांगितलेला नाही, ध्वनित केला आहे. तो वाचकाने ओळखायचा आहे.

सत्रातील एक परिचारिका त्या दिवशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘देवांनी नंतर काय सांगितलं ते सोडा. तो थांबला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं.’ मला वाटते, या पर्वाच्या अर्थाची किल्ली या वाक्यात आहे. नरक खोटा होता, हे युधिष्ठिराला नंतर कळले. थांबण्याचा निर्णय त्याने घेतला तो खऱ्या समजलेल्या नरकात. तेथे तो कोणाची सुटका करू शकत नव्हता. त्याच्या असण्याने थोडा वारा लागत होता, एवढेच. देखावा खोटा ठरला तरी त्या निर्णयाचे मोल उणे होत नाही. पर्वतवाटेवर मागे न पाहणारा माणूस येथे परत फिरण्याचे नाकारतो. हे त्याचे प्रायश्चित्त आहे का? ग्रंथ तसे म्हणत नाही. दोन प्रसंग मागेपुढे ठेवून तो मौन पाळतो.

परिचारिकेचे बोलणे ऐकताना मला माझे वडील आठवले. अम्माच्या अखेरच्या आजारात ते रुग्णालयाच्या व्हरांड्यातील बाकावर रात्र रात्र बसून असत. आत जाण्याची परवानगी नव्हती आणि बाहेर करण्यासारखे काही नव्हते. घरी चला म्हटले तर ते मान हलवीत. तिला कळत तरी असेल का, असे कोणी म्हणाले, त्यावरही ते उठले नाहीत. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात राहिलेला हा माणूस अम्माशी फारसे बोलल्याचे मला आठवत नाही. ती गेल्यानंतर काही महिन्यांनी ते एकदाच म्हणाले, तिला एक विचारायचे राहून गेले. काय, ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

कदाचित त्यामुळेच स्वर्गारोहण पर्वातील एक ओळ मला त्या साऱ्या पर्वाहून मोठी वाटते. नरक नाहीसा झाल्यावर युधिष्ठिर आकाशगंगेत स्नान करतो, मानवी देह टाकतो आणि मग त्याला आपली माणसे दिव्य रूपात दिसतात. श्रीकृष्ण, अर्जुन, कर्ण, भीम, नकुल आणि सहदेव. त्यानंतर कमळांची माळ घातलेली द्रौपदी. तिला पाहताच राजाला तिला काही विचारावेसे वाटले, असे कवी सांगतो. आणि त्याच क्षणी इंद्र बोलू लागतो: ही साक्षात श्री, तुमच्यासाठी मानवलोकात आली होती. इंद्राचे निवेदन लांबत जाते. युधिष्ठिराचा प्रश्न पुन्हा कधीच येत नाही.

काय विचारायचे होते त्याला? द्यूतसभेविषयी काही? वाटेवरच्या त्या क्षणाविषयी? की केवळ, तू बरी आहेस ना? ग्रंथ काहीच सांगत नाही. कर्णाचा जन्म, कुत्र्याचे रूप, नरकाचे कारण, प्रत्येक वीर कोणाचा अंश होता, या साऱ्याचे उत्तर देणारे महाकाव्य पतीने पत्नीला विचारायचा एवढा एक प्रश्न मोकळा सोडते. शेवटाची खरी संदिग्धता मला येथे दिसते. नरक खरा की खोटा, याचे उत्तर देव देऊन टाकतात. या प्रश्नाचे उत्तर देवांच्याही हाती नाही, कारण तो उच्चारलाच गेलेला नाही.

अशा मोकळ्या जागेशी वाचकाने कसे वागावे? इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) याचा एक उत्तम वस्तुपाठ आहे. चिकित्सक आवृत्तीच्या आधारे द्रौपदीचे चरित्र तपासून झाल्यावर त्या तिच्या अखेरच्या क्षणांचे एक कल्पनाचित्र रेखाटतात. त्यात भीम तिच्याजवळ परत येतो. मात्र येथून पुढचे आपले आहे, मूळ ग्रंथातील नाही, हे त्या वाचकाला स्पष्ट सांगतात. त्यांच्या भीमाने माझ्या अम्माच्या प्रश्नाला उत्तर दिले आहे: एक जण वळला. ते उत्तर व्यासांचे नाही, आणि ते व्यासांचे आहे असे भासवलेलेही नाही. म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

अर्थनिर्णय करताना ग्रंथात काय सांगितले आहे, काय सूचित केले आहे आणि आपण आपल्या आयुष्यातून काय आणले आहे, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. आपण बहुतेक जण नोकरी, संसार, शेती सांभाळून शिकणारी माणसे आहोत. आपल्या वाचनात आपले जगणे येणारच. हवालदाराच्या वाचनात न्याय येतो, परिचारिकेच्या वाचनात रुग्णाची उशी येते. ते गाळण्याचे कारण नाही. फक्त ते आपले आहे, हे लक्षात ठेवावे. ‘शेवट संदिग्ध आहे’ एवढे लिहून उत्तरपत्रिकेत पुढच्या प्रश्नाकडे वळू नये. कोणत्या शब्दापाशी तो संदिग्ध होतो, हे दाखवावे.

म्हणून स्वर्गारोहण पर्व वाचताना इंद्र बोलू लागतो त्या ओळीपाशी थोडे थांबावे. युधिष्ठिराचा प्रश्न कोणता असेल, तो आपल्या शब्दांत वहीत लिहावा. आणि त्याखाली, हा प्रश्न ग्रंथातील नाही, माझा आहे, असेही लिहावे.