भीमबेटकाच्या गुहेत

वसईच्या किल्ल्यात एका पडक्या भिंतीवर माझे नाव आहे. तेराव्या वर्षी, शाळेच्या सहलीत, कर्कटकाच्या टोकाने मी ते कोरले. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांना किल्ला दाखविताना तो कोपरा मी हटकून टाळीत असे.

निवृत्तीनंतर नातवासह भोपाळला जाण्याचा योग आला. तेथून दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, रायसेन जिल्ह्यात, भीमबेटका आहे. सागाच्या रानात वालुकाश्माचे प्रचंड खडक उभे आहेत. दुरून उद्ध्वस्त दुर्गाचे बुरूजच वाटावेत. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळकडे जात असता खिडकीतून हे खडक त्यांच्या दृष्टीस पडले. (आम्ही बहुधा गाडीत झोपतो!) त्यांच्या शोधामुळे तो टापू जगापुढे आला. तेथे सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत.

गेरूने व पांढऱ्या रंगाने रेखाटलेले हत्ती, गवे, हरणे आणि शिकारी पाहता पाहता मान अवघडली. एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे. शिकाऱ्यांच्या जगात हजारो वर्षांनंतरचे तलवारधारी घोडेस्वारही येऊन मिसळले आहेत. जुनी चित्रे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. आमच्या सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन करून उजेडात आणला. तो मी आयुष्यभर मुलांना 'अतिप्राचीन' म्हणून दाखवीत आलो. येथे तो कालपरवाचा वाटू लागला!

जमिनीखालची कथा तर याहून जुनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७३ पासून येथील एका शैलाश्रयात उत्खनन केले. वरच्या थरांत नखाएवढी दगडी पाती, तर अगदी खालच्या थरांत ओबडधोबड हातकुऱ्हाडी सापडल्या. एवढेच नव्हे, तर आदिमानवाने बसण्याउठण्यासाठी दगड मांडून केलेली फरसबंदीही आढळली. म्हणजे चित्रे काढणारे आले, तेव्हा त्या घरात कितीतरी पिढ्या नांदून गेल्या होत्या.

एका विशाल गुहेत लहान मुलाच्या पंजाचा ठसा आहे. तो पाहताच नातवाने आपला हात उंच केला. मी त्याचे मनगट धरले. हाताच्या घामानेही रंग झिजतो, हे त्याला समजावून सांगितले. त्याने दुरूनच बोटे पसरून माप घेतले.

"आजोबा, ह्याचं नाव काय असेल?"

"कसे कळणार? तेव्हा लिपीच नव्हती."

"म्हणून नुसता हात ठेवला होय?"

मी काही बोललो नाही. परतीच्या गाडीत मात्र किल्ल्यातल्या त्या भिंतीची हकिकत त्याला सांगून टाकली. मुख्याध्यापकाने असे करावे, याचे त्याला फार नवल वाटले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे किल्ल्यात गेलो. शेवाळाने आडनाव बुजले होते. नाव मात्र स्पष्ट होते. नातवाने ते मोठ्याने वाचले.