काढणारा काटा

काट्याने काटा काढावा म्हणतात. काढणाऱ्या काट्याचं पुढे काय करायचं, ते मात्र म्हणीत नाही. आमची आजी कुंपणावरच्या बाभळीचा टणक काटा मोडून आणायची, आमचा पाय मांडीवर घ्यायची आणि रुतलेल्याच्या कडेकडेने कोरत जायची. वाळका काटा चालत नसे. तो आतच मोडला तर दुखणं दुप्पट. मग रुईचा चीक, आणि दोन्ही काटे चुलीत. अंगणात पडले तर कामाचा कुठला नि बिनकामाचा कुठला, हे पायाला थोडंच कळतं!

हुकूमशहाला वेळीच मारावं का, असा प्रश्न आला की मला गेऑर्ग एल्सर आठवतो. सुतार माणूस, एकटा. म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरच्या दालनात हिटलर दर ८ नोव्हेंबरला भाषण करी. १९३९ साली एल्सर तिथे रात्री जेवायला जायचा आणि दारं बंद होताना आतच लपायचा. व्यासपीठामागच्या खांबाच्या लाकडी आच्छादनाला त्याने चोरदार केलं, सांधा दिसणार नाही असं. रात्र रात्र गुडघ्यांवर बसून बॉम्बसाठी खांब कोरला; गुडघे पिकले. कुणी ठोकून पाहिलं तर पोकळ वाजू नये म्हणून दाराला आतून पत्रा, घड्याळाची टिकटिक दाबायला बूच. हिंसेचा विचार राहतो बाजूला, मी त्याच्या हाताचं कौतुक करत बसतो. हे बरं नव्हे.

सभेच्या रात्री धुक्यामुळे हिटलरला विमानाऐवजी आगगाडी गाठायची होती. तो ९.०७ला निघाला, बॉम्ब ९.२०ला फुटला. आठ मेले, त्यांत तिथली एक वाढपी बाई. हिटलर सापडला असता, तर तिचं मरण आपण खर्ची टाकून मोकळे झालो असतो. पण सापडला असता तरी काय? सहकारी गोअरिंगला त्याने १ सप्टेंबरलाच वारस जाहीर केलं होतं.

आणि ती सभा कशाची होती? १९२३ साली याच दालनातून हिटलरने बंड केलं, दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गोळ्या घालून ते मोडलं. त्याचे सोळा जण मेले. त्यांचे हुतात्मे झाले आणि दरवर्षीची सभा त्यांच्याच नावाने भरू लागली. म्हणजे गोळीबार फसला म्हणावं? बंड तर मोडलं. त्या दिवशी हिटलरच्या हातात हात घालून चालणारा माणूस गोळी लागून जागीच मेला. नेम जरासा इकडे झाला असता तर एल्सर जन्मभर कपाटंच करत बसला असता. की सतराव्या हुतात्म्याच्या सभेसाठी दुसराच कुणी व्यासपीठावर चढला असता?