एका इंचात चौदा आटे

शर्यतीची मोटार वेगात वळण घेते तेव्हा इंजिनाच्या तळाशी असलेले तेल एका बाजूला फेकले जाते. तेल ओढणारी नळी क्षणभर कोरडी पडते आणि तेवढ्यात बेअरिंग जळू शकते. म्हणून अशा अनेक गाड्यांत तेल तळाशी साठवतच नाहीत. पंपाचा एक भाग ते उपसून वेगळ्या टाकीत टाकतो, दुसरा टाकीतले तेल दाबाने इंजिनात पाठवतो. उपसणाऱ्या भागाची क्षमता मोठी ठेवावी लागते, कारण तेलाबरोबर हवाही ओढली जाते. ही ड्राय संप पद्धत. इंग्लंडमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या, त्या मानाने कमी खर्चाच्या फॉर्म्युला फोर्ड गाड्यांतही ती आहे.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांकडे अशी एक जुनी गाडी आहे. इंजिन नव्याने बांधून घेण्यात त्यांची शिल्लक संपली. तेलाची टाकी, पंप आणि कूलर वापरलेलेच शोधणे भाग होते. आणि त्यातला एक जरी चुकला, तर नवे इंजिन पहिल्याच फेरीत गमावण्याची भीती होती.

हॅम्पशायरमधील ब्यूली येथे दर सप्टेंबरात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाताना मी बाबांनाही सोबत घेतले. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात आणि खिडकीशी बसून दिवस मोजतात. बाबांचेही तसेच चालले होते. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे फिटर म्हणून काम केलेल्या या माणसाला इथे विचारण्यासारखे कुणाकडे काही नव्हते.

एक टाकी आम्हाला पसंत पडली. शेजाऱ्यांनी आणलेला जोड तिच्या तोंडात सहज फिरला. बाबांनी तो बोटांनी हलवला आणि म्हणाले, "आटा लागला म्हणजे बसला असं नव्हे. हलवून बघायचं." मग त्यांनी खिशातले आटे मोजायचे गेज काढले. दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे. पण जोड अमेरिकी मापाचा, साठ अंशांच्या आट्यांचा, बाहेरून २२.२ मिलिमीटर, टाकीचे तोंड ब्रिटिश पाइपाच्या पाच-अष्टमांश मापाचे, पंचावन्न अंशांचे, २२.९ मिलिमीटरच्या जोडासाठी कापलेले. असा सैल जोड दाबाखाली निसटतो आणि गरम तेल एक्झॉस्टवर उडाले तर आग लागते. टाकी मात्र वाईट नव्हती. एका टोकाला ब्रिटिश आणि दुसऱ्या टोकाला अमेरिकी आटे असलेला मधला जोड काही पौंडांत मिळाला. माझ्या व्यवसायात दोन प्रणालींमध्ये आम्ही हेच करतो. हाताने करताना पहिल्यांदा पाहिले.

पंप बाबांनी उघडायला लावला. आतल्या भिंतीवरून नख फिरवून ओरखडे तपासले, रोटरची फट फीलर गेजने मोजली, फिरण्याची दिशा आणि पट्ट्याचे दाते पाहिले, आणि मगच मान हलवली. कूलर अर्ध्या किमतीत मिळत होता. तो कोणत्या इंजिनावरचा, हे विक्रेत्याला सांगता येईना. बाबांनी तो खाली ठेवला. फुटलेल्या इंजिनाचा धातूचा कीस कूलरच्या अरुंद वाटांमध्ये अडकून राहतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही. तो कीस नव्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला एक फेरी पुरते. ज्याचे अंतरंग उघडून पाहता येते ते जुने चालेल. ज्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो ते नवेच घ्यावे. हा हिशोब शेजाऱ्यांना भाषांतराशिवाय समजला. कूलर आणि रबरी नळ्या त्यांनी नव्या घेतल्या.

नोव्हेंबरात गाडी तयार झाली, तेव्हा बाबा परत गेले होते. शेजाऱ्यांनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितले. स्पार्क प्लग काढून त्यांनी स्टार्टरवर इंजिन फिरवत ठेवले. सगळ्यांचे डोळे तेलाच्या दाबाच्या काट्यावर होते. काटा उठला तसे ते फोनकडे वळून म्हणाले, "मास्टर, आता सुरू करू का?" बाबांनी आधी सगळे जोड एकदा हलवून पाहायला सांगितले.