एक खोली, एक फळा आणि चार वर्ग



बी.ए. मराठी झालेल्या म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरवर लिहू नये असा कुठे नियम नाही, म्हणून हे धाडस. कंटाळा आला तर सरळ शेवटच्या मोहफुलांवर या :)

माझा नातू पुण्यात कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करतो. खेळाचं इंजिन 'सी' भाषेत, आणि पात्रांनी कसं वागायचं ते 'लुआ' नावाच्या छोट्या भाषेत. लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या एका विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. मोठ्या प्रोग्रामच्या पोटात सहज मावावी म्हणून ती मुद्दाम लहान ठेवली आहे. आपल्या मराठी विकिपीडियावरचे बरेच साचेही आतून लुआवर चालतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

दिवाळीत आला तो वैतागूनच. खेळात पन्नास वाघ-हरणं. प्रत्येकाला "चाल, थोडं थांब, मग वळ" असं सांगायचं. त्यानं प्रत्येकाला वेगळा थ्रेड दिला आणि सगळे थ्रेड लुआच्या एकाच 'स्टेट'मध्ये सोडले. खेळ कधी चाले, कधी मध्येच कोसळे. "काहून रे?" म्हटलं. तो समजावत गेला आणि मला माझी शाळा दिसायला लागली.

१९७० च्या दशकात मी आजच्या धानोरा तालुक्यात एकशिक्षकी शाळेवर होतो. गडचिरोली जिल्हा व्हायचा होता (तो १९८२ चा), सगळा चंद्रपूरच. एक खोली, एक फळा, चार वर्ग. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तिसरीचं गणित फळ्यावर मांडायचं, ते सोडवेपर्यंत चौथीची कविता. प्रत्येक वर्ग नेमका कुठे थांबला ते डोक्यात ठेवायचं आणि परत येऊन तिथूनच पुढे. थांबायचं तेही अधेमध्ये नाही, गणित वहीत उतरवून झाल्यावर. फळ्याजवळ एका वेळी एकच वर्ग, म्हणून भांडण नाही.

"आबा, हेच कोरूटीन!" नातू म्हणाला. हा शब्द मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये काढला. लुआत ही सोय २००३ च्या ५.० आवृत्तीत आली. हरीण 'यील्ड' म्हणून आपणहून थांबतं, इंजिन दुसऱ्याकडे वळतं, आणि 'रिझ्यूम' म्हटलं की हरीण थांबल्या जागेवरून पुढे चालतं. गंमत म्हणजे लुआ कोरूटीनलाही 'थ्रेड'च म्हणते. एका गावात एकाच नावाचे दोन पाटील, मग टपाल चुकणारच!

खरा थ्रेड मला पुढे भेटला. १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली आणि नंतर आमच्याकडे दुसरे गुरुजी रुजू झाले. दुसरी खोली बांधून होईपर्यंत फळा एकच. मी भागाकार अर्धा मांडून मागे वळलो की त्यांनी अर्धा फळा पुसलेला. दोघांचंही शिकवणं बरोबर, पण पोट्ट्यांच्या वहीत माझी बाकी त्यांच्या शुद्धलेखनाला चिकटलेली. मग ठरवलं, खडू एकच ठेवायचा. ज्याच्या हाती खडू त्याचा फळा. त्याला हे लोक 'लॉक' म्हणतात. भांडण मिटलं, पण एक गुरुजी कायम वाट बघत उभे. खरा उपाय दुसरा फळाच. नातवानंही तेच केलं: सगळी जनावरं एका स्टेटमध्ये कोरूटीन म्हणून, आणि वाट शोधण्याचं जड काम वेगळ्या थ्रेडमध्ये, त्याला स्वतःचं वेगळं स्टेट. दोघांत फक्त चिठ्ठ्यांची देवाणघेवाण. आता खेळ कोसळत नाही म्हणे.

एक अडचण राहिली होती. तपासणीला आलेले साहेब वर्गात खुर्ची टाकून बसले की दुसऱ्या वर्गाकडे वळायची सोय नाही. तसंच लुआच्या कामात मध्येच 'सी'चं फंक्शन उभं असेल तर यील्ड करता येत नाही. २०११ च्या ५.२ आवृत्तीनं त्यावर तोड काढली: परत आल्यावर पुढे काय करायचं ते आधीच सांगून ठेवायचं. असो.

मला सगळ्यात लागली ती त्यानं जाता जाता सांगितलेली गोष्ट. थांबलेल्या कोरूटीनची कुठेच नोंद उरली नाही तर लुआ तिला कचरा समजून काढून टाकते. म्हणून इंजिननं तिचं नाव धरून ठेवावं लागतं, बहुधा लुआच्या 'रजिस्ट्री'त. अरे, हा तर आमचा हजेरीपट!

मार्च-एप्रिलात मोहफुलं पडायला लागली की पहाटेच लेकरं आईबापाबरोबर झाडाखाली. मे महिन्यात तेंदूपत्ता. काही परत यायची, काही नाही. सतत गैरहजर म्हणून नावं कमी करा, असं मला वरून सांगितलं जाई. मी केली नाहीत. उलट पटाच्या मागच्या पानावर प्रत्येकापुढे तो कुठे थांबला ते लिहून ठेवायचो. तिसरीतली एक मुलगी मोहाला गेली ती पोळ्यानंतर आली, कडेवर धाकटा भाऊ. मी पान उलटलं: हातच्याची वजाबाकी. भावाला शेजारी बसवून तिनं पाटी घेतली. पुढच्या वर्षी ती चौथी पास झाली.