दोन जेवणांच्या मधले तास

जेवणाच्या वेळा बदलणं फारसं जड गेलं नाही. जड गेला तो चारचा चहा. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये त्या वेळी किटली फिरते, बिस्किटांचा पुडा फुटतो, आणि गाव सातारा असल्यामुळे कुणाच्या मुलाचा निकाल, कुणाची बढती या निमित्तानं कंदी पेढेही येतात. ‘घ्या हो मॅडम, एकानं काय होतंय’ या आग्रहाला नाही म्हणणं मला प्रशस्त वाटत नाही. मी पेढा घेते, कागदात बांधते आणि संध्याकाळच्या ताटात ठेवते. पहिले काही दिवस पावणेचारलाच पोटात कालवाकालव सुरू व्हायची. बिनसाखरेचा कोरा चहा घेऊन वर्गावर गेलं की तास संपेपर्यंत ती भूक कुठल्या कुठे गेलेली असे. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक आपल्या खाण्याच्या ठरलेल्या वेळांच्या आधी वर चढतं आणि खाल्लं नाही तरी काही वेळानं उतरतं. मी जीवशास्त्र शिकवते, पण हे इतकं स्पष्ट अनुभवलं ते तेव्हाच.

सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती, ग्रेड एक. वजन सात-आठ टक्क्यांनी उतरलं तरी यकृताला मोठा आराम मिळेल, असं डॉक्टर म्हणाले. ते कसं उतरवायचं याचे दोन-तीन मार्ग त्यांनी सांगितले. त्यातला मी हा निवडला: सकाळी अकराला पोटभर जेवण, संध्याकाळी सातच्या आत दुसरं, मध्ये पाणी, पातळ ताक, कोरा चहा. महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी ती मांडली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवण्याचा हा विचार गावोगावी व्याख्यानं देऊन पोचवला.

सासूबाई मात्र धास्तावल्या. ‘अगं, रिकाम्या पोटी राहून पित्त होईल तुला.’ मी त्यांना आठवण करून दिली, की तरुणपणी चातुर्मासभर त्या स्वतः एकभुक्त राहायच्या. त्यावर त्या म्हणाल्या, ‘ते देवासाठी होतं.’ पण दुसऱ्या दिवसापासून माझं संध्याकाळचं ताट साडेसहालाच वाढलेलं असायचं. त्यांच्या एकादशीच्या साबुदाणा खिचडीला मी नाव ठेवणार नाही, ती मला अतिशय आवडते. मात्र साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याच्या जोडीला रताळं, बटाटा आणि साखर घातलेलं दही आलं, की रक्तातली साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढतात. त्या उपवासाचं मोल श्रद्धेच्या हिशेबात आहे; शरीराच्या हिशेबात तो जेवणाचाच दिवस असतो.

आत काय चालतं ते सांगते. जेवलं की इन्सुलिन वाढतं आणि चरबीच्या पेशींना साठा सोडू देत नाही. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपानं साधारण 100 ग्रॅम साखर साठते, स्नायूंत तिच्या काही पट. पण स्नायूंतली साखर स्नायूंनाच वापरता येते, रक्तात परत येत नाही. जेवून बरेच तास झाले की इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं, यकृत आपला साठा मोकळा करू लागतं. त्याच वेळी चरबीचा रेणू फुटून ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्लं सुटी होतात. मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून हृदयाकडे, स्नायूंकडे जातात आणि तिथे तंतुकणिकांत जळतात. ग्लिसरॉलपासून यकृत साखर बनवतं. मेंदूला मेदाम्लं चालत नाहीत. त्याला साखर लागते आणि उपास लांबला, तर यकृत मेदाम्लांपासून जे कीटोन बनवतं त्यांवर तो बराचसा निभावतो.

‘बारा तास झाले की चरबी जळायला लागते’ असं अनेक जण ठामपणे सांगतात. मला ते खटकतं. चरबी रोजच जळते, झोपेतही जळते आणि जेवणानंतर पुन्हा साठते. तासांनी बदलतं ते प्रमाण. शिल्लक घटते की नाही, हे दिवसभरात किती आत गेलं आणि किती खर्च झालं यावरच ठरतं. पहिल्या आठवड्यात माझा काटा भराभर उतरला तेव्हा घरी सगळे खूश झाले. मी सांगितलं, हे बहुतेक पाणी आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा घटला की तेही जातं. पुढची उतरण संथ होती आणि खरी होती.

ती चरबी गेली कुठे? बारावीच्या वर्गात मी हा प्रश्न मुद्दाम विचारला. ‘घामातून,’ ‘तिची ऊर्जा झाली,’ ‘स्नायू झाले.’ ऊर्जा झाली म्हटल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी अडखळली: ‘मॅडम, पण मग वस्तुमान कुठे गेलं?’ या प्रश्नानं मला फार आनंद झाला. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी 2014 मध्ये हाच हिशेब मांडला होता: 10 किलो चरबी पूर्ण जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनाही त्यांनी विचारलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी ‘ऊर्जा होते’ असंच उत्तर दिलं होतं. आम्ही फळ्यावर समीकरण जुळवलं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन मोजता मोजता तास संपला, पण कुणी उठेना. जोरजोरात श्वास घेतला तर लवकर बारीक होऊ का, असंही एकानं विचारलं. नाही; जळण आधी वाढावं लागतं, श्वास त्याच्या मागून येतो. म्हणून मी अजिंक्यतारा चढू लागले.

चीनमधल्या ग्वांगझू इथल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. 139 स्थूल माणसांनी वर्षभर सारखेच मोजके उष्मांक घेतले. त्यातल्या निम्म्यांनी ते आठ तासांच्या आतच खाल्ले. दोन्ही गटांचं वजन उतरलं, पण दोघांतला फरक दखल घेण्याएवढा नव्हता. म्हणजे घड्याळाच्या अंगी वेगळी जादू नाही. तरी मी हाच मार्ग धरून आहे, कारण दर घासाचे उष्मांक मोजणं माझ्या स्वभावात नाही. ‘सातनंतर काही नाही’ हा नियम पाळणं मात्र सोपं जातं. रात्रीचं फरसाण, मालिका बघताना उघडला जाणारा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, हे आपोआप सुटलं. ताटात मटकीची उसळ, अंडी, डाळ मी वाढवली, कारण वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि पन्नाशीत ते परत मिळवणं अवघड असतं.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी हे पाहिलं आणि ‘मीही उद्यापासून’ म्हणाले. त्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. जेवण चुकलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मी त्यांना चक्क अडवलं. काका, आधी डॉक्टर, मग उपास. आठवड्यानं ते डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांचा डोस कमी झाला होता, साखर तपासायच्या वेळा कागदावर लिहून मिळाल्या होत्या, आणि दोन जेवणांऐवजी सध्या रात्रीचं जेवण तेवढं लवकर करायचं ठरलं होतं.