त्रिचूरची भट्टी

आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागात पोरगं दहावीला अडकलं की घरात एकच वाक्य निघायचं, "धाडा गलाईला." कुठं आणि किती लांब, हे विचारायची पद्धत नव्हती. कुणाचा चुलता कोईमतूरला, कुणाचा मामा मदुराईला, कुणाचा मेहुणा पार कलकत्त्याला. सोनाराकडचं जुनं, भेसळीचं सोनं-चांदी घ्यायचं, ते आटवून, तेजाबात शिजवून शुद्ध करून परत द्यायचं, हा गलाईचा धंदा. 1972 च्या दुष्काळाच्या आधीपासून आमची माणसं त्यात होती, पण दुष्काळानं घरटी एकेक माणूस बाहेर काढला. आज विट्याच्या आसपासच्या खेड्यांत जे मोठाले बंगले दिसतात, त्यांतल्या कितीतरी घरांचा पैसा दक्षिणेतल्या एखाद्या बोळातल्या भट्टीवर मिळवलेला आहे.

मला 1986 साली त्रिचूरला धाडलं. तिथं माझे चुलते होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मी गावात नुसता उंडारणारा पोरगा होतो. विहिरीच्या काठावरनं उड्या मारणं, दुसऱ्याची सायकल न विचारता नेणं, असले उद्योग. वडिलांनी मिरजेला मीटरगेजच्या गाडीत बसवलं, बंगळूरला उतरून पुढं आयलँड एक्स्प्रेस धरायची असं तीनतीनदा सांगितलं. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून दिले होते. नानांचा पत्ता एका पोस्टकार्डावर होता आणि ते पोस्टकार्ड पिशवीत.

बंगळूरपर्यंत ठीक झालं. पुढं रात्रभर मी डब्याच्या दारात पाय सोडून बसलो. सकाळी पालघाटला गाडी थांबली तसा चहाला उतरलो, तिथं एका पोराशी खाणाखुणांनी बोलत राहिलो आणि गाडी निघाली. धावलो, दांडी हाताला लागली नाही. पिशवी गाडीत, पोस्टकार्ड पिशवीत, पाय अनवाणी. मल्याळी मला येत नव्हती, आणि मराठी-हिंदी कुणाला कळत नव्हती.

वडील एक गोष्ट मात्र सांगून ठेवायचे. कुठल्याही मुलखात हरवलास तर सोनारांची गल्ली शोध. मी बोट दाखवून, अंगठीची खूण करून विचारत गेलो. गल्लीत शिरताच तेजाबाचा तो खोकला आणणारा वास आला आणि पाठोपाठ आतून आवाज आला, "आरं मूस उचल की!" मी उंबऱ्यावरच बसलो. दुकानदार आमच्या शेजारच्या गावचा निघाला. त्यानं गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं आणि मग आंघोळीला पाणी दिलं. दुपारी त्यानंच चपला घेऊन दिल्या आणि त्रिचूरच्या बसमध्ये बसवलं. पैसे घेतले नाहीत. नानांना चिठ्ठी मात्र दिली, आणि तिच्यात मी दारात बसून आल्याचंसुद्धा लिहिलं होतं. मीच बोलता बोलता सांगितलं होतं त्याला.

दोन वर्षांनी, 8 जुलै 1988 ला, हीच आयलँड एक्स्प्रेस पेरुमनच्या पुलावरून अष्टमुडी सरोवरात कोसळली. शंभरावर माणसं गेली. आमच्या भागातल्या आयांनी तेव्हा पोस्टाबाहेर दिवस काढले, कारण त्या गाडीत कधी कुणाचं पोरगं असेल याचा नेम नव्हता.

नानांचं दुकान म्हणजे पुढं गादी आणि तराजू, मागं पत्र्याखाली भट्टी. काम मी पटकन शिकलो. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून मुशीत आटवायचं, तो रस पाण्यात ओतून त्याचे कण करायचे, मग ते कण नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये शिजवायचे. अ‍ॅसिडला आम्ही तेजाबच म्हणायचो. चांदी त्यात विरघळते, सोनं विरघळत नाही. शिजताना भांड्यातून तांबूस-पिवळा धूर निघतो. तळाला जे उरतं ते पाहून नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. चहाच्या पुडीसारखी तपकिरी भुकटी, तिला चमक म्हणून नाही. ती धुवायची, पुन्हा धुवायची, टाकणखार घालून मुशीत टाकायची. काही वेळानं मुशीत डोकावलं की भुकटी नाहीशी झालेली असते आणि तिथं पिवळाधमक रस हलत असतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हात भाजेपर्यंत वाकून बघत होतो. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या, म्हणजे चांदी खाली बसते आणि पाणी निळं होतं. ते निळं पाणी आम्ही गटारात ओतायचो. त्या काळी त्याचा विचार कुणी करत नव्हतं. धुराचाही नाही. तोंडाला ओला पंचा बांधायचा आणि मान वळवायची, एवढीच काळजी. नाना पहाटे उठून खोकायचे आणि काकी न बोलता गरम पाणी ठेवायची.

तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, 1968 चा. परवान्याशिवाय हा धंदा करता येत नव्हता. किती सोनं आलं, कुणाचं आलं, किती गेलं, सगळं वहीत. वही आणि तिजोरी जुळली नाही तर गुन्हा. गलाईवाले चोरापेक्षा तपासणीच्या अधिकाऱ्यांना जास्त भ्यायचे. म्हणून नानांचा दंडक होता की सोन्याची लगड द्यायला निघालेल्या माणसानं वाटेत पाणीसुद्धा प्यायला थांबायचं नाही.

एके दुपारी त्यांनी मला एका कारागिराकडं चार तोळ्यांची लगड पोचवायला दिली. कागदात गुंडाळून ती मी चड्डीच्या खिशात घातली. स्वराज राउंडवर माझा मल्याळी दोस्त भेटला. आमच्या बोळातल्याच एका कारागिराचा तो मुलगा, माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच डोक्यानं मोकळा. नवा सिनेमा लागला होता. आम्ही आत शिरलो. भाषा अर्धी कळत होती, मारामारी पूर्ण कळत होती. पंखा होता, अंधार होता, आणि आदल्या रात्रीचं भट्टीचं जागरण होतं. मला झोप लागली.

त्याच दुपारी आमच्या बोळात तपासणी आली. वही उघडली. लगड वहीत शिल्लक दिसत होती, कारण पोच आल्याशिवाय नाना नावे टाकत नसत. तिजोरीत ती नव्हती. नाना सांगत होते की पोरगं द्यायला गेलंय. अधिकाऱ्यांनी त्या कारागिराकडं माणूस पाठवला, तर तिथं पोरगं पोचलंच नव्हतं. मी सिनेमा सुटल्यावर, खिसा चाचपत, गाणं गुणगुणत बोळात आलो तेव्हा दुकानाला सील होतं आणि काकी पायरीवर बसली होती. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, "हाय का तुझ्याजवळ?"

नाना रात्री उशिरा कचेरीतून आले. मी मार खायच्या तयारीत उभा होतो. त्यांनी हात उचलला नाही. म्हणाले, "परवान्यावर नाव माझं हाय. वहीत सही माझी हाय. आत बी मलाच टाकतील." आणि न जेवता आडवे झाले. मारलं असतं तर मी राहिलो असतो, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पहाटे निघालो. दोस्ताची मुंबईला जायची तयारी झालेलीच होती. त्या वर्षांत केरळात आखातात जायचं वारं घरोघर होतं. सुटीवर आलेला माणूस टेपरेकॉर्डर आणि अत्तर घेऊन उतरायचा, आणि गल्लीतली सगळी पोरं त्याच्या मागं फिरायची. मुंबईत एक एजंट होता, तो दुबईला पाठवतो म्हणे. माझ्याकडं पासपोर्ट नव्हता आणि दहावीची मार्कशीट दाखवण्याजोगी नव्हती. माझ्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय आखातात कामाला जाता येत नाही, हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. गळ्यात आजीनं घातलेला सोन्याचा बदाम होता. तो विकून पैसे उभे केले. दुसऱ्याच बोळातल्या सोनाराला विकला, आमच्या बोळातला ओळखीचा निघाला असता.

जयंती जनता एक्स्प्रेस केरळातून निघून गुंतकल, सोलापूरवरून मुंबईला जायची. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. सोलापूर गेलं आणि बाहेर आमच्यासारखी जमीन दिसायला लागली. काळी, भेगाळलेली, मधे बाभळी. फलाटावर मराठी ऐकू आली. कुर्डुवाडीला गाडी थांबली, आणि पलीकडं मिरजेची छोटी गाडी उभी होती. बार्शी लाइट म्हणायचे तिला. पंढरपूर, सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ करत मिरजेला जायची. त्या गाडीत बसलो असतो तर ढालगावला उतरून संध्याकाळपर्यंत घरी पोचलो असतो. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन त्या गाडीत चढत होती आणि खालून तिचा नातू ढकलत होता. मी फलाटावर उतरलो. दोस्तानं खिडकीतून विचारलं, काय झालं? मी पाणी प्यालो आणि परत चढलो. वडिलांना काय सांगणार होतो? नानांचं दुकान बंद पाडून आलो?

मुंबईत डोंगरीच्या बाजूला एका खोलीत आम्हाला ठेवलं. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपायची, आम्ही रात्री. सगळे आखाताच्या वाटेवरचे. कुणी मलप्पुरमचा, कुणी उत्तर प्रदेशचा. एजंट गोड बोलायचा. पैसे घेतले, दोस्ताचा पासपोर्ट घेतला, माझे फोटो घेतले. सगळी सोय होते म्हणाला. रोज उद्या यायला सांगायचा. एक दिवस त्याच्या ऑफिसला कुलूप होतं आणि बाहेर आमच्यासारखीच पंचवीस-तीस माणसं उभी. एक बापई माणूस, कुणाचा तरी बाप असेल, कुलपाला हात लावून रडत होता. त्याचं शेत गेलं होतं. माझा बदामच गेला होता, हे त्याच्याकडं बघून मला कळलं.

खोलीवाल्यानं बाहेर काढलं. दोन दिवस पाव आणि चहावर काढल्यावर पालघाटची गोष्ट आठवली. मी दोस्ताला घेऊन झवेरी बाजारात गेलो आणि नाकाच्या मागावर एका मागच्या जिन्यानं वर चढलो. भट्टीपाशी बसलेल्या माणसानं विचारलं, "कुठलं रं तू?" मी गाव सांगितलं. त्यानं चिमटा खाली ठेवला. "त्रिचूरहून पळाल्यालं पोरगं तूच का?"

नानांनी मी निघालो त्याच दिवशी कोईमतूर, बंगळूर, सोलापूर, मुंबई असं सगळीकडं कळवलं होतं. सील लागलेलं दुकान, डोक्यावर केस, आणि हा माणूस पोस्टात ट्रंक कॉलच्या रांगेत उभा होता. आमच्या या माणसांबद्दल लोक म्हणतात, पैशाला घट्ट आहेत. असतील. पण अनोळखी शहरात एका जिन्यावर माझ्या नावाची वाट बघत कुणीतरी बसलेलं होतं, ही गोष्ट मला कुठल्याही बंगल्यापेक्षा मोठी वाटते. दोस्तालाही त्यांनी जेवायला वाढलं, कुठला म्हणून विचारलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली, पासपोर्ट काही मिळाला नाही. आम्ही दोघं परत त्रिचूरला गेलो. नाना स्टेशनवर आले होते. दुकानाचं सील निघालं होतं, दंड भरावा लागला होता. त्यांनी माझ्या पगारातून दर महिन्याला थोडे कापायला सुरुवात केली, आणि काकीनं ते किती हे मला दर महिन्याला वहीत दाखवलं. दंड फिटला तेव्हा कापणं थांबलं, एक रुपयाही जास्त घेतला नाही.

जून 1990 मध्ये तो सुवर्ण नियंत्रण कायदाच रद्द झाला. नाना त्यानंतर चारपाच वर्षंच भट्टीवर बसू शकले. छातीनं साथ सोडली. डॉक्टरांनी विचारलं, विड्या ओढता का? नानांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. आता माझ्या दुकानात धूर ओढून घेणारी चिमणी आणि पंखा आहे, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, मशीन दाखवतं, आणि निळं पाणी गटारात जात नाही. अजूनही गावाकडून पोरं येतात, पण अठरा पुरी झाल्याशिवाय मी कुणाला तेजाबाजवळ उभं करत नाही. नातेवाइकांशी यावरून माझी भांडणं झाली आहेत, पुढंही होतील.

दोस्त दुसरा पासपोर्ट काढून मस्कतला गेला, तिथं कायदेशीर नोकरीत राहिला. सुटीवर आला की बायकोचे दागिने तपासायला माझ्याकडंच आणतो.