मुलूख, कोटा आणि हातचे राखलेले सौदे

साहित्याच्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, या प्रश्नाला आम्ही दोघे गेली वीस वर्षे ठरावीक तीनच उत्तरे देत आलो : अध्यापन, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने चौथे शोधले. मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर तिने व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, आणि आज ती एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत पश्चिम विभागाच्या विक्रीची आखणी व कामकाज पाहते. स्वतः ती काहीच विकत नाही. कोणी, कोठे, किती विकायचे हे ठरवते. आणि विक्रेते जे सांगतात त्यातले किती खरे मानायचे, हेही. तिच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यांतून आमचे असे मत झाले आहे की, हे काम मुळात वाचनाचे आहे.

या कामाचा इतिहास संगणकाहून जुना आहे. अमेरिकेतील डेटन येथे जॉन पॅटरसन याने १८८४ साली कॅश रजिस्टरचा उद्योग विकत घेतला आणि विक्रीला शिस्त लावली : प्रत्येक विक्रेत्याला हक्काचा मुलूख, आणि त्या मुलखावर कोटा. दुकानदाराशी काय बोलायचे याची पुस्तिका १८८७ साली निघाली. ती विक्रेत्यांना पाठ करावी लागे. (पाठांतराला नावे ठेवणाऱ्या आम्हांला हे वाचून गंमत वाटली.) तेथेच घडलेल्या थॉमस वॉटसनने १९१४ साली जी कंपनी हाती घेतली, तिचे १९२४ साली आयबीएम असे नामांतर झाले, आणि डेटनची रीत पुढे संगणकांच्या धंद्यात आली.

हक्काचा मुलूख म्हटल्यावर आपल्याकडील वतनदार आठवतो. पण वतन वंशपरंपरेने चाले; हा मुलूख वर्षाच्या बोलीचा. कोट्याचे आकडेही तसेच माणसाला वळण लावतात. आयबीएमच्या रॉस पेरो याने १९६२ सालचा कोटा जानेवारीतच पुरा केला. कमिशनला वरची मर्यादा असल्याने पुढे विकण्यात त्याला अर्थ उरला नाही. त्याच वर्षी त्याने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली.

आम्हांला खरे कुतूहल वाटले ते सोमवारच्या बैठकीचे. तेथे प्रत्येक सौद्यापुढे एक शब्द लिहिलेला असतो. ‘पाइपलाइन’ म्हणजे बोलणी चालू आहेत, ‘बेस्ट केस’ म्हणजे सगळे जुळून आले तर, ‘कमिट’ म्हणजे शब्द दिला. या शब्दांवरून तिमाहीचा अंदाज वर कळवला जातो. बोलणाऱ्याचा स्वार्थ मात्र शब्दांत मुरलेला असतो. कोणी पुढचा कोटा वाढेल या भयाने हातचे राखून सांगतो, तर कोणी नोकरी टिकावी म्हणून मरू घातलेला सौदा जिवंत दाखवतो. ‘पुढच्या आठवड्यात सही’ हे वाक्य सलग तीन सोमवार ऐकले की ती गिऱ्हाइकाविषयी विचारणे सोडून विक्रेत्याविषयी विचार करू लागते. बखर वाचताना आपण निराळे काय करतो? लिहिणारा कोणाच्या पदरी होता, कोणासाठी लिहीत होता, प्रसंगानंतर किती वर्षांनी.

एका एप्रिलात तिने मुलखांची नवी आखणी केली. नाशिककडचे काही कारखाने एका विक्रेत्याकडून काढून पुण्याच्या विक्रेत्याला दिले. हिशेबाने ते योग्यच होते. पहिल्याने त्यांतल्या एका कारखान्यात दोन वर्षे खेटे घातले होते. जूनमध्ये तेथे सही झाली आणि कमिशन दुसऱ्याला गेले. अशा वेळी वाटणीची तरतूद असते, पण सौदा आधीच ‘कमिट’मध्ये नोंदलेला असेल तर. त्याने तो हातचा राखला होता.

यावर आम्हां दोघांत मतभेद आहे. एकाला वाटते, नियम जाणून खेळलेला डाव होता, उलटला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्या कोट्याच्या धास्तीने त्याने सौदा लपवला तो कोटा तिनेच ठरवलेला होता, तेव्हा त्या लपवण्याचे मूळ तिच्या आकड्यातही शोधले पाहिजे. तिला दोन्ही पटते.

त्याला उत्तर देण्यासाठी कंपनीचा इंग्रजी मसुदा तयार होता. त्यात निर्णय ‘घेतला गेला’ होता. तिने तो बाजूला ठेवून मराठीत चार ओळी लिहिल्या आणि आम्हांला दाखवल्या. पहिलाच शब्द ‘मी’ आहे. वाटणी मात्र झाली नाही. पुढच्या तिमाहीत त्याने दुसरीकडे नोकरी धरली.